मुगाएवढं होतं तेव्हा

आमच्या घरात मिसरी लावायची ती दातांसाठी नव्हे, भुकेसाठी. तंबाखू तव्यावर काळीकुट्ट होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची, आणि सकाळी बोटानं दातांवरून, हिरड्यांवरून, गालाच्या आतल्या अंगानं फिरवायची. मग दुपारपर्यंत पोट काही मागत नाही. मी लहान असताना अव्वा, म्हणजे माझी आई (आमच्या घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी), अशी मिसरी लावून रहाटाला बसायची आणि पेठेतल्या मागवाल्यांसाठी सुताच्या कांड्या भरायची. वडील गिरणीत होते, ते खोकून खोकून लवकरच गेले. मागं राहिली भवानी पेठेतली एक खोली, तीत रहाट, चूल, आम्ही दोघं आणि ती डबी. भाकरी दोन झाल्या की एक माझी आताची आणि दुसरी माझी संध्याकाळची. "तुझी कुठली?" असं विचारलं की अव्वा हसून डबी वाजवून दाखवायची.

त्या डबीवर मी शिकलो. पुण्याला बोर्डिंगात राहिलो, बी. ए. झालो, सोलापूरला परत येऊन हायस्कुलात मास्तर झालो. आमच्या सबंध गोतात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी मुद्दाम लिहितो आणि लाजून लिहीत नाही. ज्यांच्या घरात तीन पिढ्या पदव्या आहेत त्यांनी खुशाल विनय दाखवावा. आमच्याकडं दाखवायला ही एकच वस्तू आहे.

आज सकाळी हुरडा आला. पौष लागला की अक्कलकोटकडच्या रानातून बसप्पामामा स्वतः कणसांची पेंढी घेऊन येतात. गूळभेंडी ज्वारी, दाणा नखानं दाबला तर दूध सुटेल अशी कोवळी. मामा अव्वाचा धाकटा भाऊ, आवाज मात्र घरच्या कर्त्याचा. दारातूनच ओरडले, "अक्का, आगटी पेटव! ऊन लागायच्या आत भाजाय पायजे." अंगणात गोवऱ्या रचल्या गेल्या, धूर निघाला, आणि तो नाकात गेल्याबरोबर मला राग आला. लोकांना हुरड्याच्या वासानं आनंद होतो. मला आधी राग येतो. आनंद मागाहून येतो, लंगडत.

कारण एका हिवाळ्यात याच आगटीपाशी अव्वानं पुढ्यातला हुरडा न खाता ताटली सरकवून दिली होती. कणीस तिनंच तळहातावर चोळलं, फुंकर मारून भूस उडवलं, हिरवे वाफाळते दाणे माझ्या हातावर ओतले. स्वतःला एक दाणा घेतला, तोंडात धरला, आणि पदराआड तोंड करून काढून टाकला.

"का गं?"

"दाढ दुखती. तू खा की गुमान."

मी खाल्ला. पोटभर खाल्ला.

त्या दिवसांची आठवण मला गोष्टीसारखी सरळ येत नाही, तुकड्यांनी येते. कडक भाकरी पाण्यात बुडवून मऊ होण्याची वाट पाहणारी अव्वा. आमच्याकडची कडक भाकरी पापडासारखी, मोडली तर शेजारच्या खोलीत आवाज जावा. ती करण्यात अव्वाचा हात पेठेत नावाजलेला. तीच भाकरी ती पेजेसारखी करून डाव्या बाजूनं गिळायची. शेंगाची चटणी ओठाला लागली तरी डोळ्यांत पाणी. आणि जांभई. माणसाची जांभई आपण कधी निरखून पाहत नाही, मी पाहिली. तोंड निम्म्यावर येऊन थांबायचं, बिजागरी गंजलेल्या दारासारखं.

मग औषधं सुरू झाली. आमच्या पेठेत आजारी माणसाला औषध मिळत नाही असं कुणी म्हणू नये. चार औषधं दारात उभी असतात आणि एकमेकांना ढकलत आत शिरतात. शेजारची नरसम्मा, जिच्या नवऱ्याच्या मागाच्या कांड्या अव्वा भरायची, ती लवंग घेऊन आली. कुणी तुरटी सांगितली. वैद्यांनी उष्णता ठरवली आणि इतका कडू काढा दिला की उष्णतेनंही पळून जावं. आणि नात्यातल्या एका म्हातारीनं सगळ्यांवर ताण केली. म्हणाली, "मिसरी वाईच जास्त लाव गौरव्वा, दुकणं मरतंय." अव्वानं लावली. दुखणं मेलंही, तासा-दोन तासांपुरतं. ज्यानं घाव झाला तेच घावावर चोळायचं आणि बधिर झालं की बरं वाटलं म्हणायचं. यातला विनोद मला पुढं मुंबईच्या डॉक्टरांनी समजावून सांगितला. हसू मात्र अजून आलेलं नाही.

शेवटी मी तिला पेठेतल्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी चमच्याच्या दांड्यानं गाल बाजूला करून आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग मी बी. ए. आहे हे आठवून माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागले. अव्वा खाली स्टुलावर, आम्ही दोघं उभे. बोलणं तिच्या डोक्यावरून चाललं होतं. कॅन्सर, ते म्हणाले. मराठीत कर्करोग म्हणतात, हे मला पुस्तकात वाचून ठाऊक होतं. घरात तो शब्द कधी आलेला नव्हता. मग त्यांनी मार्ग सांगितले. एक, कापून काढायचं. गाल जाईल, कदाचित जबड्याचा तुकडाही जाईल. दुसरा, क्ष-किरणांचा शेक. तिसरा, रेडियम, ते मुंबईत एका मोठ्या दवाखान्यात आलं आहे, त्याच्या सुया गालात बसवतात. "ऑर नथिंग," ते म्हणाले, जणू काहीही न करणं ही बाटलीत मिळणारी चौथी गोष्ट होती.

"घाई करा," असं मला सांगून ते अव्वाकडं वळले आणि मोठ्यांदा, बहिऱ्याशी बोलावं तसं म्हणाले, "दाढेचा फोड आहे, आजी! काळजी करू नका!" आणि दारात मला हळूच: "आईंना नाव सांगू नका. बायकांचा धीर सुटतो."

इंग्रजी मी चांगली शिकलो होतो. तिच्या जोरावर मला नोकरी लागली, पेठेत मान मिळाला. त्या दिवशी मात्र तिचा एवढाच उपयोग झाला, की माझ्या आईच्या तोंडातली गोष्ट माझ्या आईपासून लपवता आली.

घाई करा! सोलापुरात, पौषात, घाई करून दाखवावी कुणी. मामांना निरोप धाडला. ते आले, खाली मान घालून ऐकलं आणि म्हणाले, "मळणी हुंदे." मळणी कशी होईल, ज्वारी अजून रानात उभी! मग म्हणाले, "संक्रांत जवळ आली. गड्ड्याची जत्रा तोंडावर हाय. सिद्धरामाच्या काठ्या बघितल्याबिगर अक्का गाव सोडणार न्हाय." अव्वानंही मान डोलावली. काठ्या झाल्यावर बघू. नंतर अमावास्या आडवी येणार होती. त्यानंतर कुणाचं तरी लग्न. रोगाला मात्र पंचांग पाहावं लागत नव्हतं. त्याचं काम रोज चालू होतं, सुट्टीशिवाय, आमच्या शाळेतल्या कुठल्याही मास्तरापेक्षा चोख.

"आणि मल्लू," मामा म्हणाले, "त्येचं नाव घरात काडू नगंस. नाव घेतलं की बसतंय ते."

"मामा, ते आधीच बसलंय."

"मग उटवाय नगं. गप ऱ्हा."

तेवढ्यात बातमी पसरली. नाव कुणी उच्चारलं नव्हतं, पण न उच्चारलेल्या नावाला पाय जास्त असतात. मग भेटायला येणारे सुरू झाले. आजाऱ्याला रिकाम्या हातानं भेटू नये ही आमची रीत. रीत चांगलीच आहे. पण जिचं तोंड बोटभर उघडत नाही तिच्या पुढ्यात एकेक जण कडक भाकऱ्यांची चळत, शेंगापोळ्या आणि हुरड्याच्या पिशव्या ठेवू लागला. त्या हिवाळ्यात आमच्या घरी जितका हुरडा होता तितका जन्मात नव्हता. येणाऱ्या बायका भिंतीला टेकून बसायच्या, अव्वाकडं टक लावून पाहायच्या आणि तिच्या समोर, तिला ऐकू जाईल असं, एकमेकींना सांगायच्या, "किती वाळली बाई." एक जण म्हणाली, "ममईला इजेचा दगड ठिवत्यात म्हणं तोंडात. आतनं जळून जातंय मानूस." दुसरी म्हणाली, "त्येच्यापरास हितं आपल्या मान्सांत…" आणि वाक्य अर्धं सोडून डोळ्याला पदर लावला. अव्वा त्यांना चहा करून द्यायची. स्वतःच्या मरणाच्या गप्पा ऐकत चुलीपुढं फुंकणी फुंकायची. मी शाळेतून आलो की हे दृश्य दिसायचं आणि छत्री कोपऱ्यात आपटून मी आतल्या अंगाला जाऊन बसायचो. तिथं भिंतीकडं तोंड करून बसण्यापुरतीच जागा होती, ती मला पुरायची.

गड्डा झाला. काठ्यांची मिरवणूक आम्ही एका ओळखीच्या ओट्यावरून पाहिली. पांढरीशुभ्र बाराबंदी घातलेले मानकरी, ताशांचा आवाज, उधळलेल्या तिळगुळाचा पायाखाली चिकट चिखल. अव्वानं हात जोडले, आणि ते जोडलेले हात हळूच उजव्या गालावर नेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती रहाटावर बसली होती. मी शाळेची तयारी करत होतो. कांडीवरची नजर न काढता ती म्हणाली,

"मल्लू, खोटं बोलाय शिकायला पुण्याला गेल्तास व्हय?"

"काय खोटं?"

"दाढ न्हाय ती. रोज बोट जातंय की माझं तितं. तुमी सगळी माझ्या तोंडाबद्दल बोलताय आनि मला ठाव नसंल? श्रावणात मुगाएवढं हुतं. पितरांत हरभऱ्याएवढं झालं. दिवाळीला शेंगदाणा. आता सुपारी हाय." मग रहाट थांबवला. "नाव सांग त्येचं."

मी सांगितलं. मामांची ताकीद, डॉक्टरांची सूचना, दोन्ही बाजूला ठेवून सांगितलं. जे तीन मार्ग डॉक्टरांनी मला उभ्यानं सांगितले होते ते मी तिच्याशेजारी बसून सांगितले. कापणं, शेक, सुया. एकेकाचं काय जाईल, काय राहील, मला जेवढं कळलं होतं तेवढं. न कळलेलं न कळलेलं म्हणून सांगितलं.

"जातंय का त्येनं?"

"लवकर गेलं तर जातं म्हणतात. खात्री कुणी देत नाही."

"मग सुपारीचा नारळ हुईस्तोवर बसायचं का काय?" ती म्हणाली. "सिद्धरामाच्या काठ्या बघते म्हणलं हुतं, बघितल्या. सुयांचं बघूया. माझा जलम सुता-सुयांतच गेलाय." आणि उठून मिसरीची डबी तिनं चुलीत रिकामी केली. भपकन वास उठला. रिकामी डबी धुऊन तिनं तीत हळद भरली. डबी टाकायची नसते.

धीर तिचा सुटला नाही. मामांचा सुटला. "सांगितलंस? शिकलास आनि वाया गेलास!" म्हणून माझ्या अंगावर धावून आले, आणि मग धोतराच्या सोग्यात तोंड घालून रडले. त्यांच्या रडण्याचा मला राग आला नाही. त्या सबंध हिवाळ्यात ज्याचा राग आला नाही अशी तेवढी एकच गोष्ट.

मुंबईला आम्ही तिघं गेलो. खर्चाचं कसं जमवलं ते इथं सांगत नाही. ज्याचं त्याला कळतं. त्या दवाखान्याचा व्हरांडा लांबलचक होता, आणि त्यावर सगळ्या मुलखाची तोंडं बसली होती. कुणाचा गाल बांधलेला, कुणाची जीभ बाहेर, कुणी नुसतंच भिंतीकडं पाहणारं. कुठल्या दारात बसायचं हे सांगायला माणूस नव्हता. एका दाराशी आम्ही सकाळ घालवली, ते हाडं मोडलेल्यांचं निघालं. दुसऱ्या दाराशी दुपार घालवली, तोवर ते बंद झालं. रोग्यांची माणसं कुठं राहतात, असं एका शिपायाला विचारलं. "राहतात की," तो म्हणाला आणि हातानं गोल फिरवून अवघी मुंबई दाखवली. रात्रीपुरती जागा एका धर्मशाळेत मिळाली, तिथला मुनीम अव्वाच्या बांधलेल्या गालाकडं पाहून म्हणाला, "लागट तर नाही ना?" मी त्याला जे उत्तर दिलं ते इंग्रजीत दिलं, म्हणून आम्हाला राहता आलं.

डॉक्टर भेटले ते तिसऱ्या दाराशी. कामात बुडालेला, तुटक बोलणारा गृहस्थ, वाईट नव्हता. त्यानं मला इंग्रजीत विचारलं, किती दिवसांपासून आहे? उशीर केल्याच्या लाजेनं मी म्हणालो, दोन-तीन महिने. अव्वानं माझ्या सदऱ्याची बाही ओढली.

"काय इचारतोय?"

मी सांगितलं. ती त्याच्याकडं वळली आणि मूग, हरभरा, शेंगदाणा, सुपारी, सगळं महिन्यांसकट सांगून टाकलं. डॉक्टरला मराठी येत होतं. त्यानं टाक खाली ठेवला आणि पहिल्यांदा तिच्या डोळ्यांकडं पाहिलं. हिरडीपर्यंत पोचलं आहे का, हेही तिलाच विचारलं. "अजून न्हाय. मदी वाईच जागा हाय," ती म्हणाली. त्यानं आरसा घालून पाहिलं, जागा होती. रेडियम चालेल, तो म्हणाला. उजव्या बाजूचे दात आधी काढावे लागतील. मग तिच्या गळ्याकडं बोट करून म्हणाला, "हे काढून ठेवा. सुया असेपर्यंत गळ्यात, मानेशी काही चालणार नाही."

अव्वाच्या गळ्यात इष्टलिंग होतं. आम्ही लिंगायत, लहानपणी स्वामी ते बांधतात आणि जीव असेतो ते अंगावेगळं करायचं नसतं. आंघोळीला नाही, झोपेत नाही, मसणात जातानाही नाही. चांदीच्या छोट्या डबीत, दोऱ्यात ओवलेलं, छातीवर.

मामा ताडकन उठले. "अक्का, ऊट. चल गावाला."

मी डॉक्टरांना इंग्रजीत धर्म समजावू लागलो. धर्मावर मला चांगलं बोलता येतं. कॉलेजच्या वक्तृत्व सभेत मी बोललेलो आहे. डॉक्टर म्हणाले, धर्म तुमचा, रेडियम आमचं, आणि बाहेर चाळीस माणसं बसली आहेत. मी म्हणालो, चाळीस माणसांना धर्म नाही का? मामा मध्येच कानडीत मला आणि मराठीत डॉक्टरांना शिव्या देऊ लागले. डॉक्टर म्हणाले, मग न्या घरी, मी काय करू? मामा म्हणाले, सोलापूरला स्वामींना तार करू, त्येंनी हो म्हणलं तर बघू. मी म्हणालो, तार करून उत्तर येईपर्यंत ही जागा दुसऱ्याला देतील. तिघंही खरं बोलत होतो, तिघंही ओरडत होतो, आणि ज्या तोंडासाठी हे सगळं चाललं होतं ते आमच्यामध्ये बाकावर बसून होतं, मिटलेलं.

मग ते उघडलं, जेवढं उघडत होतं तेवढं.

"बसप्पा, खाली बस. मल्लू, तूबी." तिनं डॉक्टरला विचारलं, "गळ्यात नगं म्हणता. दंडाला बांदलं तर?"

डॉक्टर म्हणाला, "दंडाला? दंडाला बांधा की. मला फक्त मान मोकळी हवी."

"स्वामींना इचारल्याबिगर…" मामा सुरू झाले.

"स्वामी काय माझ्या तोंडात बघाय येणार हाय?" अव्वा म्हणाली. "मल्लू झाला तवा मला ताप चढला, मान सुजून गळा धरला हुता. तुझ्या-माझ्या अव्वानं लिंग सोडलं आनि दुसऱ्या हातानं धरून दंडाला बांदलं. क्षणभर अंगावेगळं हू दिलं न्हाय. तवा कुटल्या स्वामीला इचारलं? आनि मेले का मी?"

डॉक्टर थोडा चिडूनच म्हणाला, "अहो, मग हे आधीच का नाही सांगितलंत?"

"आदी कुणी इचारलं?"

हे तिनं टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्या खोलीत आम्ही एक एम. बी. बी. एस., एक बी. ए. आणि एक कर्ता पुरुष असे तिघं होतो. तिनं स्वतः दोरा सोडला, मामांनी लिंगावर हात ठेवला, मी डाव्या दंडाला गाठ मारली. तिचा दंड सुकलेल्या कणसाच्या दांड्याएवढा झाला होता.

सुया घातल्यावर तिला वेगळ्या खोलीत ठेवलं. गालातून दोरे बाहेर आलेले, पट्टीनं चिकटवलेले. आम्ही दारातून पाहायचं, जवळ बसायचं नाही. ती बोलू शकत नव्हती. दंडावर हात ठेवून दाखवायची की आहे, जागेवर आहे. तिला गिळता येईल असं काही दवाखान्यात मिळेना. पाव-दूध यायचं, ते तसंच परत जायचं. तेव्हा मामांनी, ज्यांनी घरी कधी पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नव्हता, मागच्या मोकळ्या जागेत तीन दगड मांडले. गावाहून आणलेलं ज्वारीचं पीठ ताकात कालवून आंबील शिजवली. गाठी झाल्या. दुसऱ्यांदा शिजवली, खाली लागली. शेजारच्या चुलीवरची कोकणातली एक बाई म्हणाली, "मामा, ढवळताना राजकारणाच्या गप्पा मारू नका." तिसऱ्यांदा जमली. ती चोचीच्या कपानं अव्वाला पाजली जायची. दवाखान्यात रोग्याला खाट होती, औषध होतं, लाखमोलाचं रेडियम होतं. कपभर आंबील शिजवायला मात्र आकाशाखाली तीन दगड. ही गोष्ट मी तिथल्या सूचनांच्या वहीत इंग्रजीत लिहून ठेवली. कुणी वाचली असेल असं वाटत नाही.

सुया निघाल्या. त्यानंतरचे आठवडे त्यांच्याहून वाईट गेले. गाल आतून सोलवटला, चव गेली, पाणीसुद्धा झोंबायचं. असं होणार आणि हे उतरणार, हे आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं. आम्ही समजलो, संपलं. सोलापूरला आल्यावर भेटायला येणाऱ्यांनी ठरवूनच टाकलं की बाईला मुंबईत जाळून आणली. मी दाराला कडी घातली. एका मावशीनं बाहेरून विचारलं, "मास्तर, आमी काय परके?" मी म्हणालो, "नाही, म्हणूनच." पेठेत बरेच दिवस माझ्या उद्धटपणाची चर्चा होती. ती मला मान्य आहे.

उन्हाळा सरत आला तेव्हा एका सकाळी अव्वानं तोंडात बोट घातलं. मिसरीशिवाय, नुसतं. बराच वेळ फिरवलं. मग म्हणाली, "न्हाय."

"काय नाही?"

"काईच न्हाय. गाल हाय नुसता."

मुंबईला दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी आरशानं पाहून तेच सांगितलं, जरा लांबवून.

पुढं एक गंमत झाली, आणि ती माझ्या रागाला आवडली. नरसम्मा एक दिवस कांड्या न्यायला आली आणि रिकाम्या हातानं उंबऱ्यात बसून राहिली. मग म्हणाली, "गौरव्वा, माज्या तोंडात बघ ना जरा." अव्वानं तिला उन्हात आणलं, तोंड उघडायला लावलं, पाहिलं. "मुगाएवढं," ती म्हणाली. "आताच चल." आणि शाळेला निघालेल्या मला तिनं थांबवलं, पेठेतल्या डॉक्टरांकडं आम्ही तिघं गेलो. डॉक्टर सवयीनं माझ्याशी इंग्रजीत बोलू लागले. मी म्हणालो, "साहेब, रोगी त्या आहेत. त्यांना मराठी कळतं." ते माझ्यावर रुसले. पण बोलले तिच्याशी. मुगाएवढं होतं तोवरच गेलो म्हणून ते इथंच, सोलापुरात, छोट्याशा कापण्यानं निघालं. नरसम्माच्या नवऱ्यानं तेलुगूत माझे आभार मानले, ते मला कळले नाहीत. अव्वाला कळले.

तेव्हापासून आमच्या उंबऱ्यात बायका येतात. बहुतेकींच्या तोंडात काही नसतं, नुसतं भय असतं. अव्वा त्यांना चहा पाजते आणि मिसरी सोडायला सांगते. त्या सोडत नाहीत, ती पुन्हा सांगते. ज्यांच्या तोंडात काही असतं त्यांच्याबरोबर मी जातो. मुंबईला जाणाऱ्याला कुठल्या दाराशी बसायचं, धर्मशाळेत काय उत्तर द्यायचं, आंबिलीत पीठ किती घालायचं आणि सुया निघाल्यावर किती दिवस नरक असतो, हे आता आम्ही आधी सांगतो. हे सांगायला पदवी लागत नाही. लागत नाही, तरी सरकार, दवाखाना किंवा दानशूर शेठ यांपैकी कुणालाही ते सांगणारा एक माणूस दाराशी बसवावा असं अजून सुचलेलं नाही. म्हणून माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

अंगणात आगटी लालभडक झाली आहे. मामा कणसं भाजतायत, बोटं भाजली की कानडीत ओरडतायत. अव्वा तळहातावर कणीस चोळते आहे. लिंग पुन्हा गळ्यात आहे, दोरा नवा आहे. उजवा गाल थोडा आत गेलेला, आत दात नाहीत. मी मांजरासारखा घुटमळत तिच्याकडं बघतो आहे हे तिच्या लक्षात आलं.

"काय बघतोस? खा की."

"तू आधी."

तिनं मूठभर दाणे तोंडात टाकले.

अव्वाचा रोग बरा झाला. यंदा तिनं हुरडा खाल्ला. डाव्या बाजूनं, सावकाश, स्वतःच्या दातांनी.